धरण किती टक्के?

जुलै महिन्यात पुण्यात दोन माणसं भेटली की एकमेकांच्या तब्येतीची चौकशी मागाहून होते. आधी धरणाची होते. "किती झालं?" एवढंच विचारायचं असतं. काय किती झालं, असं उलट विचारणारा माणूस बाहेरगावचा. "साडेअठरा," असं उत्तर येतं. त्यावर पहिला गंभीरपणे म्हणतो, "मागच्या वर्षी या तारखेला एकवीस होतं." मग काहीतरी सार्वजनिक काम उरकल्याच्या समाधानात दोघंही आपापल्या वाटेला लागतात.

हे साडेअठरा म्हणजे टीएमसी. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर ही चार धरणं मिळून २९.१५ टीएमसी पाणी साठतं, आणि त्यातले दशांश चिन्हापुढचे दोन आकडेसुद्धा अस्सल पुणेकराला तोंडपाठ असतात. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. लिटरमध्ये सांगायचं तर सुमारे २,८३२ कोटी. हे पाणी डोळ्यांना केवढं दिसतं, ते कुणी पाहिलेलं नाही. स्वतःच्या न्हाणीघरातली बादली किती लिटरची आहे हे ज्यांना सांगता येत नाही, ती माणसं वरसगावच्या साठ्याबद्दल मात्र एक थेंबही इकडचा तिकडे होऊ देत नाहीत. पाऊस वाढला की भाषा बदलते. टीएमसी मागे पडतो आणि क्युसेक येतो. "सोडलंय म्हणे पंचवीस हजारांनी," असं म्हणत लोक सहकुटुंब नदीपात्र बघायला पुलावर जातात आणि कणीस खाऊन परत येतात.

त्यामुळे यापुढे शहरं डेटावर चालणार, असं कुणी व्यासपीठावरून सांगितलं की पुणेकर फारसा दचकत नाही. मोजमापाची त्याला जुनी सवय आहे. खडकवासल्याला पाण्याचा अभ्यास करणारी केंद्रीय संस्था आहे, तिची सुरुवात १९१६ सालची. हवामान खात्याची कचेरी १९२८ साली सिमल्याहून इथे आली. ज्या चौकात ती आहे त्याला अजूनही सिमला ऑफिस म्हणतात आणि सिमल्याचा गारवा शोधत तिथे कुणी उभं राहत नाही. पाषाणला ढगांचा आणि मोसमी पावसाचा अभ्यास चालतो. पाणी मोजणारे, हवा मोजणारे, ढग मोजणारे असे सगळे एका शहरात नांदतात. दुसऱ्याची चूक मोजण्याचं खातं तेवढं नागरिकांनी स्वतःकडे ठेवलं आहे आणि तिथे कधी पद रिकामं राहिल्याचं ऐकिवात नाही.

अशा या शहराला सरकारने रीतसर हुशार करायचं ठरवलं. स्मार्ट सिटी अभियान २५ जून २०१५ ला सुरू झालं. देशातली शंभर शहरं, त्यांच्यात स्पर्धा, गुण आणि क्रमांक! २०१६ च्या जानेवारीत पहिल्या वीस शहरांची यादी लागली तेव्हा भुवनेश्वर पहिलं आलं आणि पुणे दुसरं. देशात दुसरा नंबर आला म्हणून एखाद्या गावाने पेढे वाटले असते. इथे पेपर कुणी तपासले, याची चौकशी सुरू झाली. पुढे अभियान सुरू झाल्याला बरोबर वर्ष झालं तेव्हा, २५ जून २०१६ ला, पंतप्रधान बालेवाडीत आले आणि कामांचा प्रारंभ झाला. नमुना म्हणून औंध, बाणेर, बालेवाडी हा भाग निवडला होता, म्हणजे जिथले रस्ते आधीच रुंद होते आणि फुटपाथावर चक्क चालता येत होतं. वर्गात पहिल्या बाकावर बसणाऱ्या मुलालाच शिकवणी लावावी, तसा हा प्रकार. पेठांमधल्या मंडळींनी ते मनावर घेतलं नाही. आपण मुळातच हुशार असल्यामुळे आपल्याला वगळलं, असा त्यांनी सोयीस्कर अर्थ काढला.

अभियान ३१ मार्च २०२५ ला संपलं. शहर हुशार होऊन संपलं की हुशारीचं अनुदान संपलं, यावर आमच्या कट्ट्यावर अजून एकमत नाही. मात्र खवचटपणा बाजूला ठेवून एक गोष्ट सांगायला हवी. मोठाले पडदे लावलेल्या ज्या नियंत्रण कक्षाची आम्ही तोवर थट्टा करत होतो, तोच कक्ष २०२० साली कोविडची वॉर रूम झाला. कुठल्या भागात किती रुग्ण आहेत, हे एका जागी दिसण्याचं मोल तेव्हा कळलं. त्या काळात त्या पडद्यांवर विनोद सुचले नाहीत.

वाहतुकीवर मात्र सुचतात, आणि तेही सिग्नलला थांबल्या थांबल्या. पुण्यातल्या वाहनांची संख्या माणसांच्या संख्येपेक्षा जास्त झाल्याची बातमी २०१८ साली आली होती. घरटी मुलं कमी आणि गाड्या जास्त, हे आम्हाला पार्किंगमध्ये रोज दिसत होतंच. मग चौकाचौकांत नवे सिग्नल आले. हे सिग्नल कॅमेऱ्यातून गाड्यांची रांग बघतात, कुठल्या बाजूला गर्दी आहे हे ओळखतात आणि त्याप्रमाणे हिरव्या दिव्याची वेळ कमी-जास्त करतात. कल्पना उत्तम आहे. ज्या बाजूला कुणी नाही तिथे उगाच नव्वद सेकंद हिरवा जाळायचा कशाला? उभ्या गाड्यांचा धूर कमी होईल आणि पेट्रोलही वाचेल.

अडचण एवढीच की रांग मोजायला आधी रांग असावी लागते. पुण्यातल्या दुचाकीची लेन म्हणजे तिचं पुढचं चाक जिथे शिरेल ती जागा. दोन बसच्या मधून एक, रिक्षाच्या डावीकडून दोन, फुटपाथावरून एक आणि उलट्या दिशेने "इथेच तर जायचंय" म्हणत आलेली एक, असं ते चित्र असतं. परदेशात घडलेल्या यंत्राने ते पहिल्यांदा पाहिलं असेल तेव्हा काच पुसून पुन्हा पाहिलं असेल. उलटी गणती दाखवणाऱ्या आकड्यांचंही तसंच. लाल दिवा संपायला किती सेकंद उरले हे दिसलं की माणूस तेवढा वेळ इंजिन बंद ठेवील, असा त्यामागचा हिशेब. इथे शेवटचे पाच सेकंद हा हिरव्याचाच भाग मानला जातो आणि पाचव्या सेकंदालाही जो थांबून राहतो, त्याची मागचे हॉर्न वाजवून जाहीर कानउघाडणी करतात.

रस्त्यावर मोठे इलेक्ट्रॉनिक फलकही लागले. 'पुढे वाहतूक कोंडी' असं ते सांगतात. फलक खरं बोलतो, पण तो निवांतपणे वाचता येतो तो त्याच कोंडीत उभं राहून. तोवर काही हुशार मंडळींनी फोनवरच्या नकाशाला विचारलेलं असतं, आणि नकाशा त्यांना शेजारच्या बोळातून जायला सांगतो. आपल्याला एकट्यालाच गुपित कळलं, अशा चेहऱ्याने माणूस बोळात वळतो. आत अशीच गुपित कळलेली चाळीस माणसं एकमेकांसमोर उभी असतात. अशाच एका बोळातल्या वाड्याच्या दाराशी मी पाटी वाचली: 'हा रस्ता पुढे निघत नाही. फोन काहीही सांगो.' खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, 'आतल्या माणसांना विचारू नये.' उपग्रहाला जे अंतराळातून दिसलं नव्हतं, ते दाराशी बसल्या जागी मिळालं आणि बॅटरीसुद्धा लागली नाही.

सायकलींची गोष्ट याहून हळवी आहे. एके काळी सायकलींचं शहर म्हणून पुण्याची ओळख होती. ती परत मिळवायची म्हणून २०१७ च्या डिसेंबरात विद्यापीठाच्या आवारात आणि औंधात भाड्याच्या सायकली आल्या. फोन दाखवला की कुलूप उघडायचं, अर्ध्या तासाचे किरकोळ पैसे, आणि प्रत्येक सायकल कुठे आहे हे कंपनीला पडद्यावर दिसायचं. पुढे पिवळ्या आल्या, नारिंगी आल्या आणि चौक लग्नघरासारखे दिसू लागले. मग एकेक सायकल दिसेनाशी झाली. कंपनीच्या पडद्यावर ती होती, फक्त एखाद्या सोसायटीच्या जिन्याखाली होती आणि तिला कुणीतरी स्वतःची साखळी घातलेली होती. जागा पडद्यावर कळली तरी जिन्याखालच्या माणसाशी वाद कोण घालणार? पिवळ्या सायकलींच्या ओफो कंपनीने तर २०१८ सालीच भारतातून गाशा गुंडाळला. खुद्द सायकलींची चूक नव्हती. मुख्य अडचण अशी की त्या चालवायला जागा नव्हती, आणि कुठल्याही ॲपमधून जागा डाउनलोड होत नाही.

हवेचं मोजमाप आम्हाला त्या मानाने मानवलं. पाषाणच्या संस्थेने २०१० साली राष्ट्रकुल स्पर्धांसाठी दिल्लीच्या हवेचा अंदाज सांगणारी 'सफर' ही यंत्रणा उभी केली. नंतर ती पुण्यालाही आली. आता टेकडीवर फिरायला जाणारे आधी फोनवर हवा तपासतात. हवा वाईट असेल तर फिरायला न जाता गाडी काढून नाश्त्याला जातात, त्यामुळे ती आणखी वाईट होते, पण तो आकडा दुसऱ्या दिवशीचा. माझी मावशी या शास्त्रात फार पुढे गेली आहे. तिला पूर्वी खोकला यायचा. आता पीएम अडीच येतं. डॉक्टरांनी घसा तपासायला तोंड उघडायला सांगितलं, तर तिने फोन उघडला.

विजेच्या बाबतीत मात्र आकड्यांनी घराघरांतली माणसं खरोखर हलवली. नव्या मीटरला कुठल्या तासाला किती वीज वापरली हे कळतं, आणि २०२५ च्या जुलैपासून अशा मीटरवर सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळात घरगुती ग्राहकाला युनिटमागे ८० पैशांपासून १ रुपयापर्यंत सवलत मिळू लागली. यामागचं तर्कशास्त्र सरळ आहे. दिवसा सूर्याची वीज भरपूर असते, संध्याकाळी सगळे एकदम घरी येतात आणि कोळशावर ताण पडतो. तेव्हा जमेल ते काम दिवसा करा. आता या वेळात घरी कोण असतं? मीटरमधलं हिला काही कळत नाही, असं घरातले बाकीचे सगळे ज्यांच्याबद्दल समजतात, त्या. आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजींनी ते एका वाचनात आत्मसात केलं. धुण्याचं यंत्र अकराला, इस्त्री बाराला आणि घरघंटी दुपारी दोनला. ही घरघंटी ज्वारी दळायला लागली की वरच्या दोन मजल्यांचे पलंग थरथरतात. दुपारी एक ते चार ही वेळ पुण्यात कशासाठी राखून ठेवलेली आहे, हे नव्याने सांगायला नको. तक्रार गेली. आजी म्हणाल्या, "मी पृथ्वी वाचवतेय. तुम्ही झोपा." एवढ्या आवाजात ते शक्य नव्हतं, हा भाग वेगळा.

शेजारच्या बंगल्यातल्या निवृत्त बँक अधिकाऱ्यांनी त्याच्याही पुढची पायरी गाठली. २०२४ च्या फेब्रुवारीत सूर्यघर योजना आली आणि तीन किलोवॅटच्या संचाला ७८,००० रुपये अनुदान मिळतंय म्हटल्यावर त्यांनी छतावर पॅनल चढवली. तेव्हापासून गृहस्थ दर तासाला फोनवर सूर्याचं पासबुक भरून घेतात. "आज साडेबारा युनिट," असं ते दिवेलागणीला कुंपणावरून सांगतात. ढग आले की त्यांना तो वैयक्तिक अपमान वाटतो. त्यामुळे आमच्या कट्ट्यावर सरळ दोन तट पडले आहेत. बाकी सगळे पानशेतकडे बघत पाऊस मागतात आणि हे एकटे आभाळाकडे बघत "आता पुरे" म्हणतात. मधे एकदा काहीच कारण नसताना त्यांची वीज कमी होऊ लागली. आलेखाची रेषा उतरत होती. कंपनीला ईमेल गेली, तिकडून प्रश्नावली आली, ती भरली, कुणीतरी लांबून यंत्रणा तपासली आणि सगळं ठीक असल्याचा निर्वाळा दिला. शेवटी बागकाम करणाऱ्या माणसाने वर जाऊन पाहिलं. पॅनलवर कबुतरांनी आपली हजेरी लावली होती. बादली, फडकं आणि पंधरा मिनिटं एवढ्यावर काम भागलं. पंचवीस वर्षांच्या हमीपत्रात फडक्याचा उल्लेख कुठेच नव्हता.

मला या सगळ्यात दिसतं ते हे की आकडा तयार होतो एकीकडे आणि फडकं असतं दुसरीकडे. आकडा ज्याला दिसतो त्याच्या हातात फडकं नसतं. या दोघांची गाठ पडली तर शहर सुधारतं. नाही पडली तर आकड्यांची नुसती करमणूक होते, आणि आम्ही पुण्यात ती वर्षानुवर्षं करून घेत आलो आहोत.

कधी कधी करमणूकही उरत नाही. २५ जुलै २०२४ ची पहाट घ्या. खडकवासल्यातून मुठेत ३५,००० क्युसेकच्या घरात पाणी सोडलं होतं आणि सिंहगड रस्त्याच्या एकतानगरीत लोक जागे झाले तेव्हा तळमजल्यात पाणी होतं. धरणावर पातळी मोजली जात होती, विसर्गाचा आकडा ठरत होता, तो आकडा फोनवरून शहरभर फिरतही होता. मात्र तळमजल्यावरच्या रहिवाशांची तक्रार होती की गाडी हलवा, गॅस वर न्या, असं वेळेवर कुणी दार वाजवून सांगितलं नाही. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा फोनही मोजक्यांकडे होते. आता तो प्रत्येकाच्या उशाशी असतो, तरी पाणी आधी पोचलं.

दार वाजवून सांगणारं माणूस आमच्याकडे रोज सकाळी येतं, ते कचऱ्यासाठी. कचरा वेचणाऱ्या बायकांची संघटना, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत, १९९३ साली उभी राहिली आणि तिच्यातूनच पुढे 'स्वच्छ' ही त्यांची सहकारी संस्था निघाली. आमच्याकडे येणाऱ्या ताई या संस्थेच्या. आता इमारतीच्या दाराशी कोड चिकटवतात आणि कचरा घेतल्याची नोंद फोनवर होते, असा जमाना आहे. पण ताईंच्या डोक्यात जी नोंद आहे ती कुठल्या सर्व्हरवर मावणार नाही. कुणाचा मुलगा परदेशातून आलाय (बिस्किटांची वेष्टणं), कुणाकडे स्वयंपाकाच्या बाई रजेवर आहेत (हॉटेलचे डबे), कुणाची साखर वाढूनही गुलाबजाम चालूच आहेत, हे सगळं त्यांना ठाऊक असतं आणि त्या ते कुणालाही विकत नाहीत. विदा-सुरक्षेवर मी जी काही भाषणं ऐकली, त्यांतल्या एकाही वक्त्याला हे साधेल असं वाटत नाही.

याच बायकांनी एक खूण रुजवली. वापरलेले सॅनिटरी पॅड वर्तमानपत्रात गुंडाळा आणि वर लाल ठिपका काढा. बस. ज्या हातांना तो कचरा वेगळा करायचा आहे त्यांना पुडकं न उघडता कळतं. ठिपक्याला चार्जिंग लागत नाही, वाचायला प्रशिक्षण लागत नाही आणि माहिती नेमकी ज्याच्या उपयोगाची त्याच्याच हातात पडते. इतकं स्वस्त आणि इतकं नेमकं तंत्रज्ञान मी या शहरात दुसरं पाहिलेलं नाही. तरीही चारपैकी एखाद्या घरात लाल पेन सापडत नाही. ज्या घरात प्रत्येक खोलीतला दिवा आवाजाने लागतो, त्या घरातही सापडत नाही.

आता आमच्या सोसायटीच्या टाकीकडे वळतो.

आमच्या गच्चीवरच्या टाकीची पातळी पूर्वी वॉचमनला कळायची. कशी, ते त्यालाही सांगता यायचं नाही. पाइपाच्या आवाजावरून तो म्हणायचा, "भरत आली," आणि मोटर बंद करायचा. हे आमच्या एका तरुण सभासदाला पटेना. तो हिंजवडीला संगणकाचं काम करतो आणि जगातली प्रत्येक गोष्ट आलेखात बसते अशी त्याची श्रद्धा आहे. त्याने टाकीच्या झाकणाखाली पाण्याची पातळी ओळखणारा सेन्सर बसवला, मुख्य नळावर वाहतं पाणी मोजणारा मीटर बसवला आणि चाळीसही घरांच्या फोनवर एक ॲप टाकलं. पातळी ओळखून मोटर आपोआप चालू-बंद होऊ लागली. टाकी ओसंडून वाहायची ती पूर्ण थांबली. हे श्रेय त्याला द्यायलाच हवं.

पण लोकांच्या हातात टक्के आले. सकाळी दात घासता घासता मंडळी टाकी बघू लागली. "६४ टक्के? आत्ता तर ७० होतं. कोण वापरतंय?" असे संदेश सुरू झाले. पाणी वापरणं ही आजवर खासगी बाब होती. आता आंघोळीला जाताना माणसाला संशयित असल्यासारखं वाटू लागलं. मग मीटरच्या आलेखात दिसलं की रात्री दोन ते चार पाणी वाहतंय. सेक्रेटरींनी चौकशी समिती नेमली. पहिला संशय चौथ्या मजल्यावर, कारण त्यांची मुलगी अमेरिकेत असते आणि ते रात्री जागे असतात. "जागा असलो म्हणून काय कपडे धूत बसेन का?" असं ते म्हणाले, ते समितीने इतिवृत्तात घेतलं. दुसरा संशय भाडेकरू विद्यार्थ्यांवर, तो तर परंपरेने येतोच. शेवटी प्लंबरने एकेक वॉल्व्ह बंद करत शोध लावला. दुसऱ्या मजल्यावरच्या एका फ्लशच्या टाकीतला दीडदमडीचा वॉशर गेला होता आणि अखंड धार लागली होती. तो फ्लॅट समितीच्या अध्यक्षांचा निघाला. समिती त्याच बैठकीत विसर्जित झाली.

खरा प्रसंग त्यानंतरचा. एका बुधवारी संध्याकाळी ग्रुपवर संदेश आला: 'गुरुवारी संपूर्ण शहरात पाणी बंद.' दुरुस्तीसाठी गुरुवारी पाणी बंद राहणं पुण्याला नवं नाही, त्यामुळे कुणी शंका घेतली नाही. ॲपनेही आपलं कर्तव्य बजावलं. चाळीस फोन एकदम वाजले: 'टाकी ४० टक्के. कृपया पाणी जपून वापरा.'

जपून वापरायचं म्हणजे आधी आपल्या घरात आणायचं, हे कुणाला शिकवावं लागलं नाही. चाळीस घरांतले सगळे नळ एकदम सुटले. आकडा ३१ झाला, मग २२. तो उतरताना दिसत होता म्हणून लोक आणखी घाईने भरत होते आणि लोक भरत होते म्हणून तो आणखी उतरत होता. बादल्या भरल्या, पिंपं भरली, कळशा भरल्या. पाचव्या मजल्यावर प्रेशर कुकर भरला गेला, शिट्टीसकट. ९ टक्के. मग पडद्यावर लाल त्रिकोण आला आणि टाकी कोरडी पडली. जेमतेम पाऊण तास लागला असेल. गंमत अशी की पाणी कुठेही गेलेलं नव्हतं. सगळंच्या सगळं इमारतीतच होतं, फक्त एका भांड्याऐवजी चाळीस घरांतल्या भांड्यांत होतं, आणि तरीही एकाही नळाला थेंब नव्हता. ग्रुपवर पहिला प्रश्न आला, "लीकेज आहे का?"

सेक्रेटरींनी शेवटी चावीवाल्याला फोन लावला. गल्लीतला वॉल्व्ह उघडून पाणी सोडणारा हा माणूस. त्याचा नंबर आमच्याकडे जावयाच्या नंबराइतका जपून ठेवलेला असतो. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, बंद पुढच्या गुरुवारी आहे. उद्या रोजच्या टायमाला येणार पाणी. तो मेसेज जुना आहे, मलापण तिघांनी पाठवला."

त्या रात्री चाळीस घरांना प्रश्न पडला की एवढ्या साठवलेल्या पाण्याचं करायचं काय. सकाळी नळाला ताजं पाणी आल्यावर बऱ्याच जणांनी शिळं ओतून दिलं.

पुढच्या रविवारी विशेष सर्वसाधारण सभा झाली. टाकीचा आकडा यापुढे फक्त वॉचमनच्या फोनवर दिसावा, असा ठराव मांडला गेला. त्यावर माहितीच्या अधिकारापासून लोकशाहीपर्यंत सगळं बोलून झालं. तरुण सभासदाने आलेख दाखवून सिद्ध केलं की दोष सेन्सरचा नव्हता. ते सगळ्यांनी मान्य केलं आणि ठराव त्याच्या एकट्याच्या विरोधात मंजूर झाला. वॉचमनला विचारलं, तुला आकडा कळेल ना? तो म्हणाला, "कळंल की. पण आवाज ऐकूनच बंद करतो मी, मग आकडा बघतो. बरोबर येतो त्याचा."

आयत्या वेळच्या विषयांत त्या तरुणाने नवा प्रस्ताव ठेवला. ओल्या कचऱ्याचं खत आपण मागच्या अंगणात करतो, पण खड्ड्यातलं तापमान किती, ओलावा किती, याची आपल्याकडे काहीच नोंद नाही. एक सेन्सर, एक छोटा पडदा, खर्च फार नाही. खताचं काम पहिल्यापासून बघणाऱ्या काकू मागच्या खुर्चीवर वाती वळत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली.

"झाकण काढ," त्या म्हणाल्या. "वाफ आली तर तापमान बरोबर. नाही आली तर वाटीभर आंबट ताक घाल आणि काठीने हलव. काठी तिथेच आहे, भिंतीला टेकवून ठेवलेली. आणि वास आला तर ओलावा जास्त, मग वरून सुका पाला टाक."

"पण काकू, हे रोज कोण करणार?"

"उद्यापासून तू," काकू म्हणाल्या, आणि सेक्रेटरींनी ते इतिवृत्तात घेतलं.